कॉलेजची फी दाखल्यांवर ठरते

प्रश्न : आम्ही बहरीनमध्ये रिफाला राहतो. मूळचे सांगली जिल्ह्यातले. मुलगा इथल्या इंडियन स्कूलमध्ये अकरावी सायन्सला आहे, दहावीला 88 टक्के होते, इंजिनीअरिंग करायचं म्हणतो. यांचा पगार 450 दिनार, धाकटी सातवीत. ओळखीतल्या एका सल्लागाराने सांगितलं, तुम्ही अनिवासी भारतीय, तेव्हा एनआरआय कोट्याशिवाय गत्यंतर नाही. लाखांची तयारी ठेवा आणि आत्ताच काही रक्कम भरून सीट धरून ठेवा. दीर म्हणतात, मुलाला आताच कोचिंगसाठी राजस्थानात कोटाला पाठवा. परवडणारं कॉलेज शोधायचं तर सुरुवात कुठून करायची?
— एक आई, रिफा

उत्तर : ताई, सल्लागाराला एक फिल्सही देऊ नका आणि मुलाला कोटाला पाठवू नका. हे दोन निर्णय आधी घेऊन टाका, बाकीचं सावकाश बोलू.

एनआरआय कोटा हा अनिवासी भारतीयांसाठीचा एक मार्ग आहे, हे खरं. तोच एकमेव मार्ग आहे, हे खोटं. तुमच्या मुलाचा पासपोर्ट भारतीय आहे, आईवडील महाराष्ट्रातले आहेत आणि वडील आखातात नोकरी करतात. या तीन गोष्टींच्या बळावर तो तीन वेगळ्या रांगांत उभा राहू शकतो, आणि तिन्ही रांगांत फी भारतात राहणाऱ्या मुलाइतकीच आहे. सल्लागार मंडळींना या रांगा ठाऊक नसतात असं नाही. त्यांत कमिशन नसतं, एवढंच.

पहिली रांग जेईई मेनची. ही परीक्षा मनामाच्या केंद्रावर देता येते. तिच्या गुणवत्ता क्रमांकावर एनआयटी आणि ट्रिपल आयटीच्या जागा ‘जोसा’ या केंद्रीय समुपदेशनातून मिळतात. एनआयटीत साधारण निम्म्या जागा त्या त्या राज्यातल्या मुलांसाठी राखलेल्या असतात. आता प्रश्न येतो, बहरीनमधल्या मुलाचं राज्य कोणतं? भारतात बारावी झालेल्याचं राज्य तो जिथून बारावी पास झाला तेच धरतात. परदेशातून पास झालेल्या भारतीय मुलाचं राज्य मात्र पासपोर्टवरच्या कायमच्या पत्त्यावरून ठरतं. म्हणजे मुलाच्या पासपोर्टवर सांगलीचा पत्ता असेल, तर 1960 साली सुरू झालेल्या नागपूरच्या व्हीएनआयटीत तो महाराष्ट्राचाच विद्यार्थी. आज रात्री जेवणं झाली की तो पासपोर्ट काढून पत्ता वाचा. नूतनीकरणाच्या वेळी भलताच पत्ता पडलेली कुटुंबं आखातात कमी नाहीत. कुणाचा बंगळुरूच्या भाड्याच्या घराचा, कुणाचा बेळगावच्या मामाचा. आणि मग मुलगा कागदोपत्री कर्नाटकचा होतो. तसं असेल तर दुरुस्तीला आत्ता वेळ आहे, अर्ज भरायच्या आठवड्यात नसेल.

दिरांचा कोटाचा सल्ला इथंच फसतो. मुलगा राजस्थानातून बारावी झाला की जोसाच्या लेखी त्याचं राज्य राजस्थान. व्हीएनआयटीचा घरचा हक्क गेला. आणि दुसरी रांगही त्याच दिवशी बंद होते.

ही दुसरी रांग म्हणजे ‘दासा’, परदेशातल्या विद्यार्थ्यांना थेट प्रवेश देणारी केंद्र सरकारची योजना. 2001 पासून चालू आहे. एनआयटी, ट्रिपल आयटी आणि आणखी काही संस्थांत 15 टक्के वाढीव जागा या योजनेत असतात. पूर्वी अमेरिकेच्या सॅट परीक्षेवर त्या भरत, 2021 पासून जेईई मेनचा क्रमांक लागतो. त्या जागांपैकी एक तृतीयांश जागा आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी बाजूला काढलेल्या आहेत. या उपगटाला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सीआयडब्ल्यूजी’ म्हणतात आणि त्यात बहरीन येतं.

फीमधला फरक बघा. दासाच्या सर्वसाधारण जागेवर एनआयटीची शिकवणी फी सत्राला 4,000 डॉलर, म्हणजे वर्षाला 8,000. दिनार डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला 0.376 दिनार, तेव्हा हे झाले 3,000 दिनारांच्या वर. तुमच्या घरात वर्षाला 5,400 दिनार येतात. त्यातून रिफाचं भाडं, धाकटीची शाळा, सासूबाईंना पाठवायचे पैसे, दोन वर्षांतून एकदा चौघांची तिकिटं. ही फी तुम्हाला झेपणार नाही, हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही. सीआयडब्ल्यूजीच्या जागेवर मात्र त्याच वर्गात, त्याच बाकावर बसणाऱ्या मुलाची शिकवणी फी वर्षाला सव्वा लाख रुपये. दिनाराला सव्वादोनशे रुपये धरले तर साडेपाचशे दिनार. वसतिगृह आणि मेस वेगळी, पण ती दोघांनाही सारखीच.

अर्थात इतकी स्वस्त जागा म्हटल्यावर गर्दी असणारच. आखातातल्या हुशार मुलांची झुंबड इथं पडते आणि क्रमांक चांगलाच लागतो. अटीही आहेत : अकरावी आणि बारावी परदेशात झालेली हवी, बारावीला 75 टक्के हवेत, आणि वडिलांच्या किंवा आईच्या आखातातल्या नोकरीचे, रहिवासाचे कागद हवेत. तेव्हा मुलाला बारावी बहरीनमध्येच पूर्ण करू द्या. आणि मालकाकडून नोकरीचा दाखला, सीपीआर म्हणजे बहरीनचं ओळखपत्र, व्हिसाच्या प्रती हे सगळं यांची नोकरी पक्की असतानाच एका फायलीत लावून ठेवा. आखातातली नोकरी कधी जाईल याचा नेम नसतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तिसरी रांग महाराष्ट्राची, आणि माझा कौल विचाराल तर तुमच्या मुलासाठी सर्वांत भरवशाची हीच. राज्याच्या इंजिनीअरिंग प्रवेशात उमेदवारांचे प्रकार असतात. दहावी-बारावी महाराष्ट्रात झालेले ‘टाइप ए’. ज्यांची शाळा बाहेर झाली, पण आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी आहेत ते ‘टाइप बी’. तुमचा मुलगा टाइप बी. म्हणजे एमएचटी-सीईटी देऊन तो कॅप राउंडमध्ये महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून बसतो आणि नियमित फी भरतो. ऑनलाइन अर्जात एनआरआयचाही पर्याय दिसतो. आपण परदेशात राहतो म्हणून भाबडेपणाने त्यावर टिक करणारे पालक असतात. ती टिक फार महागात पडते.

यासाठी किल्ली एकच : यांचं किंवा तुमचं अधिवास प्रमाणपत्र, ज्याला सगळे डोमिसाइल म्हणतात. जुनं कुठं ठेवलंय ते शोधा. नसेल तर पुढच्या सुट्टीत गावी गेलात की पहिलं काम तहसील कार्यालयाचं. अर्ज ‘आपले सरकार’वरही करता येतो. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, जे जे आहे ते सोबत न्या. राखीव प्रवर्गात असाल तर मुलाच्या जातवैधता प्रमाणपत्राचा अर्जही याच फेरीत टाका. त्याला महिने लागतात, आणि प्रवेशाच्या हंगामात ते कार्यालय कसं असतं ते न सांगितलेलंच बरं.

सीईटीसाठी मुलाला भारतात यावं लागेल, तेवढा तिकिटाचा खर्च धरा. पेपर जेईईपेक्षा सरळ असतो, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, गणिताला 100 गुण आणि भौतिक-रसायन मिळून 100. साधारण 80 टक्के भाग बारावीचा, 20 टक्के अकरावीचा. मात्र प्रश्न राज्य मंडळाच्या पुस्तकांवर बेतलेले असतात, आणि सीबीएसईच्या मुलाला तिथं काही धडे अनोळखी वाटतात. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावी-बारावीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. हजारो रुपयांचा ‘क्रॅश कोर्स’ घेण्याआधी ती वाचून काढायला सांगा.

आणि मग कॉलेजं बघा. तुम्ही सांगली जिल्ह्यातले, वालचंद तुमच्या जिल्ह्यात आहे, 1947 पासूनचं. शासकीय अभियांत्रिकी कराडला आहे. पुण्याचं सीओईपी 1854 चं, मुंबईचं व्हीजेटीआय 1887 चं. वालचंदला प्रवेश मिळाला आणि मुलगा आजीकडे राहिला, तर वसतिगृह आणि मेसचा सगळा खर्च वाचतो. चार वर्षांत ही रक्कम किती होते ते यांना कागदावर मांडायला सांगा. ‘पुणे म्हणजे पुणे’ या हौसेपायी लोक हा हिशेब करतच नाहीत. शासकीय किंवा अनुदानित जागा नाहीच मिळाली, तर खासगी कॉलेजाची फी कुणाच्या तोंडून ऐकू नका. 2015 च्या कायद्याने नेमलेलं शुल्क नियामक प्राधिकरण प्रत्येक कॉलेजाची, प्रत्येक कोर्सची मंजूर फी आपल्या संकेतस्थळावर देतं. सल्लागाराने सांगितलेला आकडा त्याच्याशी ताडून पाहा; फरकाचं कारण त्यालाच विचारा.

शिष्यवृत्तीचं म्हणाल तर भारत सरकारने 2006-07 मध्ये परदेशस्थ भारतीयांच्या मुलांसाठी एक योजना सुरू केली. वर्षाला 150 शिष्यवृत्त्या, कमाल 4,000 डॉलरची मदत, आणि त्यातल्या 50 बहरीनसारख्या देशांतल्या भारतीय कामगारांच्या मुलांसाठी. यंदाची सूचना निघाली आहे का, ते भारतीय दूतावासाच्या संकेतस्थळावर बघत राहा. मात्र तिच्या भरवशावर कॉलेज निवडू नका. मिळाली तर धाकटीच्या नावाने ठेवा.

इथल्याच विद्यापीठाचं काय, असंही तुमच्या मनात असेल. बहरीन विद्यापीठ 1986 चं, बहरीन पॉलिटेक्निक 2008 चं, शिवाय खासगी विद्यापीठं आहेत. मुलगा घरी राहील, आईच्या हातचं जेवेल, हे मोठं आकर्षण. फी चौकशीला जाल तेव्हा बहरीनी नागरिकाची नव्हे, परदेशी विद्यार्थ्याची विचारा, आणि ती पूर्ण पदवीची, दिनारात लिहून घ्या. पदवीला भारतात समकक्षता मिळेल का हेही बघा, कारण त्याला पुढं एम.टेक. किंवा सरकारी नोकरी करायची झाली तर तिथं अडायला नको. तुमच्या पगारात मला हा पर्याय तिसऱ्या रांगेपेक्षा स्वस्त पडेल असं वाटत नाही.

राहता राहिला मुलगा. हे सगळं त्याच्यासमोर बोला, आकड्यांसह. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला वडिलांचा पगार कळला म्हणजे तो खचत नाही. उलट त्याच्यापासून लपवून ठेवलं, तर बारावीच्या निकालानंतर मित्राबरोबर एखाद्या झगमगीत खासगी विद्यापीठाचा हट्ट धरून बसतो आणि तुम्हाला तेव्हा ‘नाही’ म्हणावं लागतं. तिन्ही रांगांची वेळापत्रकं त्यालाच काढू द्या. फॉर्म त्यानेच भरावा, तुम्ही शेजारी बसून स्पेलिंग तपासा.

प्रश्न : मुहर्रकला राहतो, मूळ रत्नागिरीचे. मुलगी नववीत, डॉक्टर व्हायचं पक्कं म्हणते. इंजिनीअरिंग प्रवेशातलं ‘टाइप बी’ मेडिकललाही चालतं का? एका परिचितांकडून कळलं होतं की चालतं. — एक वडील

उत्तर : चालत नाही. परिचितांनी इंजिनीअरिंगचा नियम मेडिकलला लावला आहे.

महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून एमबीबीएस मिळवायचं तर अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून उत्तीर्ण व्हावं लागतं. सूट आहे ती काही सरकारी आणि सैन्यातल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना. आखातातल्या नोकरदारांना नाही. दंतवैद्यकाच्या राज्य कोट्यालाही हीच शाळेची अट. बहरीनमध्ये दहावी झाली की हे दार लागलं. म्हणून तुमचा प्रश्न वेळेवर आला आहे. नववी संपेपर्यंतच तुम्हाला निवड आहे.

पण त्यासाठी मुलीला लगेच विमानात बसवा असं मी म्हणणार नाही. शासकीय मेडिकलची जागा मिळवणं राज्य कोट्यातूनही कमालीचं कठीण आहे. चौदाव्या वर्षी मुलीला आजोळी ठेवायचं, किंवा आईनं तिच्यासोबत परत जायचं आणि तुम्ही मुहर्रकला एकट्यानं डबा खात राहायचं, एवढी किंमत एका शक्यतेसाठी आहे. मुलगी स्वतःहून तयार असेल, रत्नागिरीत सांभाळणारं घर असेल, आणि तिची विज्ञानाची ओढ तुम्हाला पुस्तकांपलीकडे दिसत असेल, तरच हा विचार करा. नातेवाइकांसमोर ‘आमची डॉक्टर होणार’ म्हणून झालं आहे, हे कारण पुरेसं नाही.

बहरीनमध्येच राहिली तर काय उरतं? नीटचं केंद्र 2022 पासून मनामात मिळू लागलं आहे. शासकीय कॉलेजांतल्या 15 टक्के अखिल भारतीय जागा आणि एम्सच्या जागा तिला खुल्या आहेत. भारतीय नागरिक म्हणून ती इतरांच्या बरोबरीने त्या यादीत येते. एम्सची फी नाममात्र असते, आणि 2018 पासून नागपूरलाही एम्स आहे. स्पर्धा मात्र अख्ख्या देशाशी. खासगी कॉलेजातला एनआरआय कोटा हा परवडणाऱ्या शिक्षणाच्या चर्चेत बसतच नाही, तो सोडून द्या. बुसैतीनचं आयरिश सर्जन्स कॉलेजचं वैद्यकीय विद्यापीठ, 2004 चं, तुमच्या घरापासून जवळ आहे. पण घराजवळ असण्याचा आणि खिशाला झेपण्याचा काही संबंध नाही. परदेशात शिकून भारतात डॉक्टरकी करायची तरी नीट पात्र व्हावंच लागतं आणि नंतर परवान्याची परीक्षाही द्यावी लागते. ‘नीट नको, फक्त पैसे भरा’ असं सांगणारा एजंट भेटला तर चहासुद्धा देऊ नका.

प्रश्न : मी बारावी कॉमर्सला आहे, मनामा. आमचं घर पुण्यात आहे. मला अर्थशास्त्र शिकायचंय. बाबा म्हणतात बीबीए कर, नोकरी मिळते. घरात पैशांची ओढाताण आहे, त्यामुळे वाद घालायला संकोच वाटतो. — एक विद्यार्थी

उत्तर : मित्रा, वाद घालू नकोस, दोन्ही कोर्सची फी शेजारीशेजारी लिहून बाबांपुढे ठेव. पुण्या-मुंबईच्या जुन्या कॉलेजांत एकाच छपराखाली दोन प्रकारच्या तुकड्या चालतात. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या अनुदानित तुकड्यांत प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी हजारांत असते. बीबीए, बीसीए, बीएमएस हे बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित. तिथं फी कित्येक पटींनी चढते. शिवाय 2024-25 पासून बीबीए-बीसीएला राज्याची वेगळी सीईटीही आहे. फर्ग्युसन 1885 चं, स.प. 1916 चं, बीएमसीसी 1943 चं. या कॉलेजांतून अर्थशास्त्र किंवा बी.कॉम. करणाऱ्याला कुणी कमी लेखत नाही.

केंद्रीय विद्यापीठांसाठी 2022 पासून सीयूईटी आहे. ती जरूर दे. दिल्ली, बनारस, हैदराबाद, सगळीकडची दारं एका परीक्षेने उघडतात. बाबांना नोकरीची काळजी असेल तर सीएची फाउंडेशन परीक्षा मनामातच देता येते, बी.कॉम.बरोबर ती चालू ठेव. आकडेमोड आवडत असेल तर आयआयटी मद्रासची 2020 पासूनची ऑनलाइन डेटा सायन्स पदवीही बघ. तिची फी घेतलेल्या विषयांप्रमाणे भरायची असते आणि मधल्या टप्प्यांवर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं.

निकाल लागला की सीबीएसईचं मायग्रेशन सर्टिफिकेट लगेच काढून घे, बाहेरच्या मंडळाच्या मुलांना विद्यापीठाची पात्रता मिळवताना ते लागतं. गुणवत्ता यादीनंतर प्रवेश पक्का करायला दोन-तीन दिवसच देतात, तेव्हा पुण्यातल्या काकांना किंवा मावशीला आधीच सांगून ठेव. आणि ऑनलाइन अर्जात अनुदानित व विनाअनुदानित तुकड्या एकाखाली एक दिसतात. टिक करताना नाव नीट वाच.